उजव्या हाताची साथ

नगरच्या छावणीत जर्मन कैदी आणून ठेवले तोवर मार्तंड कुलकर्णीला कंपाउंडरकीत सात-आठ वर्षं झाली होती. माणसाच्या देहात जे जे बिघडू शकतं ते सगळं आपल्या नजरेखालून गेलं आहे, असं त्याला मनापासून वाटायचं. चाळीस सालच्या उन्हाळ्यात त्याचं हे वाटणं साफ पुसलं गेलं.

तो मूळचा शेवगावचा, शाळामास्तरांचा मुलगा. अंगाने सडपातळ, स्वभावाने भित्रा. नगरला मिरवणूक निघाली, घोषणा ऐकू आल्या, की हा शेजारच्या बोळातून घर गाठायचा. भिंगारला दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको अंबिका राहत असत. लढाई सुरू झाली तशी इंग्रजांनी हिंदुस्थानात होते नव्हते तेवढे जर्मन गोळा केले. मुंबईच्या पेढ्यांतले व्यापारी, इंजिनियर, पाद्री, बंदरात अडकलेल्या जहाजांवरचे खलाशी, सगळे आणून नगरच्या बराकींत काटेरी तारांमागे ठेवले. त्यांच्या दवाखान्याला कंपाउंडर हवा होता. पगार बरा होता आणि घरून पायी जाता येत होतं, म्हणून मार्तंडने होकार दिला.

दवाखाना चालवणारे डॉक्टर लांगे हे स्वतःच कैदी होते. उंच, खांद्यात वाकलेले, मोठ्या कानांचे. मुंबईत त्यांचा लहान मुलांचा दवाखाना होता. त्यांचा आणि मार्तंडचा संवाद इंग्रजीत चाले. दोघांचंही इंग्रजी आपापल्या गावचं असल्यामुळे कुणी कुणाच्या चुका काढत नसे. डॉक्टरांचा धाकटा भाऊ तिकडे जर्मनीत तुरुंगात होता. सरकारविरुद्धची पत्रकं त्याने लोकांच्या दारांत टाकली होती. हे डॉक्टरांनी एकदाच सांगितलं, ताप मोजायची काचेची नळी पुसता पुसता, आणि नंतर तो विषय कधी काढला नाही.

तारेबाहेर इंग्रजांचं राज्य होतं, पण तारेच्या आत भलत्याचंच. हजेरी पुरी भरावी आणि गडबड होऊ नये, एवढंच इंग्रजांना हवं होतं. म्हणून आतली व्यवस्था त्यांनी कैद्यांवरच सोपवली, आणि ती अलगद हिटलरच्या माणसांच्या हातात गेली. त्यांचा म्होरक्या मुंबईत शिलाईयंत्रं विकणारा एक किरकोळ अंगाचा गृहस्थ होता. त्याचं आडनाव होतं क्नोब्लाउख. मार्तंडच्या जिभेला काही केल्या ते वळेना. त्याने डॉक्टरांना अर्थ विचारला तेव्हा डॉक्टरांनी बरंच शोधून, वास घेऊन दाखवून, शेवटी भटारखान्यातून एक पाकळी आणून समजावलं. लसूण. तेव्हापासून दवाखान्यात त्याला दुसरं नाव उरलं नाही.

लसूणसाहेबाने कोणाला मांसाचा मोठा तुकडा मिळायचा, कोणी संडास धुवायचे, कोणी कुणाशी बोलायचं, हे सगळं आपल्या मुठीत घेतलं होतं. इंग्रजांची हजेरी झाली की तो आपली वेगळी हजेरी घेई. सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं, उजवा हात ताठ समोर उचलायचा आणि हिटलरचा जयजयकार करायचा. जो करणार नाही त्याला कोणी मारत नव्हतं. लसूण फक्त त्याच्या गावाचं नाव घेई. कैद्यांची चौकशी करायला अधूनमधून तटस्थ देशाच्या वकिलातीचे लोक येत, त्यांच्यासोबत जर्मनीला निरोप जात. तिकडे घरी आई होती, बायको होती, पोरं होती. एवढं आठवलं की हात आपोआप वर जाई. डॉक्टर तेवढे सुटायचे, कारण नेमका त्या वेळेला त्यांना कोणीतरी अत्यवस्थ रोगी सापडत असे.

मार्चच्या शेवटी हाइनी पडला.

हाइनी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी, एवढा धिप्पाड की दवाखान्याच्या दारातून आत येताना त्याला वाकावं लागे. भटारखान्यात तेल सांडलं होतं, त्यावरून तो पातेल्यासकट घसरला आणि उजवं मनगट मोडून बसला. डॉक्टरांनी हाड बसवलं, मार्तंडने प्लास्टर कालवलं, बोटांपासून कोपरापर्यंत पांढरी नळी झाली, हात गळ्यातल्या झोळीत गेला. हाइनी कण्हत, शिव्या देत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो नाचत आला. त्याने डाव्या हाताने मार्तंडला कमरेला धरून उचललं आणि औषधांच्या कपाटाभोवती एक फेरी मारून खाली ठेवलं. मार्तंडला वाटलं, तापात वात झाला. डॉक्टरांनी त्याचं बोलणं ऐकून घेतलं आणि त्यांचे मोठे कान हळूहळू लाल झाले. झालं होतं एवढंच की सकाळच्या हजेरीला लसणाने हाइनीकडे पाहिलं, प्लास्टरकडे पाहिलं, आणि याला सूट म्हणून पुढे गेला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हाइनी हात न उचलता रांगेतून परत आला होता. मनगट ठणकत होतं आणि हा गडी रात्रभर गाणी म्हणत होता.

मग दोन दिवसांनी एक इंजिनियर उजवं मनगट धरून आला. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, वळवून पाहिलं. कुठेच दुखत नव्हतं. डॉक्टर त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"उचलताना दुखतं का?"

"उचलताना दुखत नाही," इंजिनियर म्हणाला. "समोर ताठ उचलताना दुखतं."

डॉक्टर उठले, त्यांनी दार लोटलं आणि म्हणाले, "मार्तंड, प्लास्टर."

मार्तंड जागचा हलला नाही. धडधाकट हाताला प्लास्टर घालायचं म्हणजे डॉक्टरांचं डोकं फिरलं, असं त्याला वाटलं. तेव्हा डॉक्टरांनी त्याला खिडकीशी नेऊन सगळं नीट सांगितलं. या रोगावर आपल्याकडे औषध नाही, पण हात बांधून ठेवता येतो, आणि मोडलेल्या हाताबद्दल कोणाच्या बायकोला कोणी त्रास देत नाही. मार्तंड ऐकत होता. बोळातून घर गाठणारा माणूस तो. हे बाहेर कळलं तर आपली नोकरी जाईल, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. तरी त्याचे हात प्लास्टर कालवायला लागले होते.

त्या दिवशी भिंगारच्या रस्त्याने घरी जाताना त्याला विनाकारण हसू येत होतं. एका टांगेवाल्याने टांगा हळू करून त्याच्याकडे वळून पाहिलं, तर याला आणखीच हसू फुटलं.

एप्रिल लागला आणि हाइनी राहायचा त्या तिसऱ्या बराकीत साथच आली. जिन्यावरून पडलेले, अंघोळीला घसरलेले, खाटेवरून कोसळलेले. सगळ्यांचा उजवाच हात. दाढी करताना हात मोडला असंही एकाने सांगून पाहिलं. डॉक्टरांनी त्याला बाहेर पाठवलं आणि जरा बरं कारण घेऊन यायला सांगितलं. प्रत्येकाला वाटायचं, आपण एकटेच. येताना इकडेतिकडे बघत, चोरासारखा येई आणि बाकावर आधीच बसलेल्यांना बघून दारात थबकून राही. मग कोणीतरी सरकून जागा करून देई. एकमेकांशी बोलायची सोय नव्हती, पण बाकावर सगळे खालमानेने बसलेले आणि खांदे मात्र गदगदत असलेले, हे मार्तंडने स्वतः पाहिलं.

देखरेखीला असलेला इंग्रज मेजर एकदा फिरत आला. एवढे हात कशाने मोडले, असं त्याने विचारलं. डॉक्टर म्हणाले, फुटबॉल. मेजरला खेळांतलं कळत होतं. फुटबॉलमध्ये पाय मोडतात, हात कसे मोडतील, असं तो म्हणाला. डॉक्टर गांगरले. तेव्हा, जन्मात साहेबापुढे तोंड न उघडलेला मार्तंड मागून म्हणाला की हे सगळे गोलकीपर आहेत. मेजरने बाकावरच्या डझनभर गोलकीपरांकडे एक नजर टाकली, मिशी चाचपली आणि निघून गेला.

मग प्लास्टर संपलं. आणखी मागवायची सोय नव्हती, मेजर गोलकीपर मोजायला लागला असता. मार्तंडने घरी अंबिकेला सगळं सांगितलं. ती दाराच्या चौकटीला धरून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग डोळे पुसून तिने विचारलं, की हे जर्मन हात उचलायचा नाही तर नाही असं सरळ सांगत का नाहीत. मार्तंडने तिला त्यांच्या गावांबद्दल, घरच्यांबद्दल सांगितलं. ती उठली, सासऱ्यांची जुनी धोतरं काढली आणि पट्ट्या फाडायला बसली. गव्हाच्या पिठाची दाट खळ तिनेच शिजवली. खळीत भिजवलेली पट्टी, त्यावर बांबूच्या कामट्या, पुन्हा पट्टी, वरून चुन्याचा हात. वाळलं की लांबून कुणाला फरक कळला नसता.

कामट्या गोजरबाईकडून आणल्या. ही तिसगावची बाई, हाडं बसवण्यात वाकबगार, भिंगारच्या बाजाराला येऊन बसायची. मार्तंडने एकदम एवढ्या कामट्या मागितल्या तेव्हा तिने, कोणाचं घर कोसळलं का म्हणून विचारलं. तो म्हणाला, छावणीतले जर्मन पडले.

"जर्मन लई पडत्यात म्हनायचे," गोजरबाई म्हणाली आणि मोळी बांधून दिली.

खळीला एक खोड होती. तिला मुंग्या लागत. दुसऱ्याच दिवसापासून अर्धी बराक कामट्यांच्या आत पेन्सिल घालून खाजवत होती. डॉक्टरांनी खळीत कडुनिंबाचा रस घालून बघितला, त्याने पट्ट्या हिरव्या पडल्या.

सगळ्यांत शेवटी आला मायर. बटणांचा व्यापारी, लहानखुरा, जाड चष्म्याचा. तो इतका घाबरट की लसूण शिंकला तरी हा दचकायचा. पट्टी गुंडाळताना तो डॉक्टरांशी काहीतरी बोलला आणि डॉक्टरांनी ते मार्तंडला समजावून सांगितलं. त्याची बायको हाम्बुर्गला असते. बाहेर पडताना ती दोन्ही हातांत एकेक पिशवी घेते. आत सामान नसलं तर रद्दी कोंबते. दोन्ही हात गुंतलेले असले की रस्त्यात कोणाला तो हात उचलायचा नमस्कार करावा लागत नाही. इतकी वर्षं ती रोज दोन पिशव्या घेऊन हिंडते आहे, आणि मी इथे दररोज हात वर करतो, हे तिला कळलं तर ती मला घरात घेणार नाही, असं मायर म्हणत होता. मार्तंडने त्याच्या पट्टीवर एक जास्तीचा थर दिला.

एप्रिलच्या वीस तारखेला हिटलरचा वाढदिवस. त्याच महिन्यात जर्मन फौजा डेन्मार्क-नॉर्वेत शिरल्या होत्या, त्यामुळे लसणाची छाती आणखी फुगली होती. सगळ्या कैद्यांचा मोठा समारंभ त्याने ठरवला. आदल्या दिवशी त्याने तालीम घेतली आणि आजवर एकेक करून सूट दिलेले हात तेव्हा एकत्र दिसल्यावर त्याच्या लक्षात आलं की तिसऱ्या बराकीचे बरेच हात झोळीत आहेत. तो रांगेतून चालत गेला, प्रत्येक प्लास्टरवर टिचकी मारत. मग तो हसला. ज्याचा उजवा हात निकामी आहे त्याने डावा उचलावा, तिकडे जर्मनीतही असंच चालतं, असं त्याने जाहीर केलं.

दवाखान्यात त्या दुपारी कोणी हसलं नाही. दोन्ही हात बांधावेत असं हाइनी म्हणाला. मग चमचा कोण धरणार, असं डॉक्टरांनी विचारलं. शिवाय धोतरंही संपली होती. एकेक जण मान खाली घालून गेला. मार्तंड घरी गेला आणि न जेवताच आडवा झाला. अंबिकेनेही आग्रह केला नाही.

वाढदिवसाची सकाळ उजाडली तीच भट्टीसारखी. मैदानात रांगा लागल्या. इंग्रज पहारेकरी तारेबाहेरून कंटाळून बघत होते. कोणी ऊन लागून पडला तर हाताशी असावं म्हणून डॉक्टर आणि मार्तंड औषधांची पेटी घेऊन व्हरांड्यात उभे होते. लसूण एका खोक्यावर चढला. विजारीची इस्त्री कडक होती आणि मानेवरून घाम ओघळत होता. तो बराच वेळ बोलला. इकडे तिसऱ्या बराकीच्या रांगेत मुंग्यांनी उचल खाल्ली. माणसं खांदे उडवू लागली, मान वळवू लागली, एकाने तर प्लास्टर दुसऱ्याच्या पाठीवर घासलं. हे सगळे भावनेने थरथरत आहेत असं लसणाला वाटलं असावं, कारण त्याने आवाज चढवला.

मग हुकूम झाला. हात वर गेले, उजव्या हातांचं जंगल. तिसऱ्या बराकीत डावे हात अर्धवट उठू लागले.

मायर रांगेतून बाहेर आला. मैदानाच्या कडेला पाण्याचा दगडी हौद होता, तिथपर्यंत तो चालत गेला. कोणी अडवलं नाही, कारण मायर असं काही करेल हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. त्याने झोळीतून हात काढला आणि प्लास्टर हौदाच्या काठावर आपटलं. पहिल्यांदा काही झालं नाही, मार्तंडने जास्तीचा थर दिला होता. दुसऱ्यांदा चुन्याची धूळ उडाली, कामट्या तटतट मोडल्या. मायरने पट्ट्या ओरबाडून टाकल्या, हात डोक्यावर धरला, पाचही बोटं हलवून सगळ्यांना दाखवली आणि मग तो हात विजारीच्या खिशात घातला.

"हात ठणठणीत आहे," तो म्हणाला. "मी तो वर करत नाही."

डॉक्टरांनी हे वाक्य मार्तंडला पुटपुटत सांगितलं. सांगताना त्यांनी मार्तंडचा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर तिथे काळंनिळं झालं.

लसणाने फक्त एक शब्द उच्चारला. हाम्बुर्ग. मायर पांढराफटक पडला, पण हात खिशातून निघाला नाही.

तेवढ्यात इंजिनियर हौदापाशी पोचला होता. त्याच्यामागे आणखी दोघं. मग सगळी रांगच मोडली. कोणी हौदावर, कोणी खांबावर, कोणी एकमेकांच्या प्लास्टरवर प्लास्टर आपटत होते. चुना उधळत होता, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, मुंग्या झटकत माणसं उड्या मारत होती. आणि हाइनीला तो जल्लोष सोसवेना. आपला हात खरोखरच मोडलेला आहे याचं भान त्याला राहिलं नाही. त्याने सगळं बळ एकवटून मनगट दगडावर हाणलं आणि जी आरोळी ठोकली, ती ऐकून तारेबाहेरचा पहारेकरी बंदूक सावरायला लागला. डॉक्टर कपाळाला हात लावून व्हरांड्यातून धावले, मार्तंड पेटी घेऊन त्यांच्यामागे.

हसू आधी नेमकं कोणाला फुटलं ते कळलं नाही. तिसऱ्या बराकीतलं ते नव्हतंच. ते आलं हात वर करून उभ्या असलेल्या रांगांतून. एक हात तोंड झाकायला खाली आला, मग दुसरा. पोट धरायला आणखी काही आले. हसता हसता हात ताठ धरता येत नाही, हे मार्तंडने हाइनीचं मनगट मांडीवर घेऊन बसल्या बसल्या पाहिलं. त्यालाही हसू आवरेना आणि हाइनी तर रडत रडत हसत होता. मैदानात चुन्याचा पांढरा ढग उतरत होता आणि खोक्यावर लसूण एकटा हात वर करून उभा होता. खाली कधी घ्यावा, हे त्याला समजत नव्हतं.

पुढे व्हायचं ते झालं. लसणाची माणसं धावून आली, दोन-चार नाकं फुटली, शिट्ट्या वाजल्या. मेजर आला. हे सगळे लबाड आहेत, एकाचाही हात मोडलेला नाही, असं लसणाने ओरडून सांगितलं. मेजरने मार्तंडकडे पाहून, गोलकीपर कुठे गेले, असं विचारलं. मार्तंडने सांगितलं की बरे झाले. मेजरने मिशी चाचपली आणि त्या तीस-पस्तीस जणांना टोकाच्या रिकाम्या बराकीत वेगळं राहू द्यावं, असा हुकूम सोडला. लसणाची हजेरी तिथे जाणार नव्हती.

सगळंच गोड झालं असं नाही. हाम्बुर्गहून मायरला पुढे कित्येक महिने काही कळलं नाही. तो दवाखान्यात येऊन नुसता बसे. डॉक्टर त्याच्याशेजारी बसत. त्यांनाही भावाबद्दल काही कळलेलं नव्हतं.

पण हे नंतरचं. बराक बदलल्यावर दुसऱ्या दिवशी मार्तंड हाइनीचं नवं प्लास्टर बघायला तिकडे गेला, तर बाहेरूनच आरडाओरडा ऐकू आला. मारामारी लागली असं समजून तो धावत आत शिरला. तीस-पस्तीस माणसं एकाच वेळी बोलत होती. बटाटे सालीसकट उकडायचे की सोलून, यावर दोन तट पडले होते. हाइनी डाव्या हाताने डाव नाचवत होता आणि मायर, शिंकेला दचकणारा तो मायर, बाकावर चढून त्याच्या नाकासमोर बोट नाचवत ओरडत होता. डॉक्टर खाटेवर भिंतीला टेकून, डोळे मिटून बसले होते, गाणं ऐकत असल्यासारखे.

मार्तंडने त्यांना, थांबवू का, असं विचारलं.

"नको," डॉक्टर म्हणाले. "सकाळपासून चाललं आहे. त्या बराकीत इतके महिने कोणी कोणाशी भांडलं नव्हतं."

तेवढ्यात कोणीतरी इंग्रजीत मार्तंडचंच मत विचारलं. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, की सोलून फोडी करायच्या आणि वर मोहरी-हळदीची फोडणी, हिरवी मिरची घालून. त्यावर दोन्ही तट एक होऊन त्याच्यावर तुटून पडले, आणि मार्तंड कुलकर्णी बाह्या सरसावून त्यांच्याशी भांडायला उभा राहिला.